हिमनदी सर्वांची, नफा कोणाचा?

२५ ऑगस्ट २०२४ रोजी, रविवारी दुपारी, आइसलँडच्या आग्नेय भागातील ब्रेदामेर्कुर्योकुल या हिमनदीवर बर्फाची एक भिंत कोसळली. २३ परदेशी प्रवाशांची तुकडी वाटाड्याच्या मार्गदर्शनाखाली तेथील हिमगुहा पाहण्यास गेली होती. कोसळलेल्या बर्फाखाली दोघे सापडले. एक अमेरिकन प्रवासी मरण पावला आणि त्याच्यासोबतची स्त्री जखमी झाली. परंतु या दुर्घटनेचे खरे स्वरूप मृत्यूच्या बातमीपेक्षा त्यानंतरच्या चोवीस तासांत अधिक उघड झाले. गुहेत नेमकी किती माणसे गेली होती, याची खात्रीलायक नोंदच तातडीने मिळू शकली नाही. प्रारंभी ही संख्या २५ समजली गेली आणि आणखी दोघे बर्फाखाली आहेत असे गृहीत धरून सुमारे दोनशे माणसे शोधकार्यात गुंतली. अवजड यंत्रे तेथवर नेणे कठीण असल्याने बराचसा बर्फ हातातील अवजारांनी फोडावा लागला. दुसऱ्या दिवशी समजले की बर्फाखाली कोणीही नाही. तुकडी पहिल्यापासून २३ जणांचीच होती. ज्या व्यवसायात तिकिटांचा हिशेब कधी चुकत नाही, त्या व्यवसायात माणसांचा हिशेब चुकला.

ही घटना दूर देशातली, आणि हिमगुहा पाहणे ही तर सुखवस्तूंची हौस. मग श्रमिकांच्या चळवळीने तिची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे येईलच. तत्पूर्वी गुहा म्हणजे काय, ती कोणाची आणि तिच्या दाराशी तिकीट कोण फाडतो, हे समजून घेतले पाहिजे.

हिमनदी म्हणजे गोठलेले तळे नव्हे. वर्षानुवर्षे साठणाऱ्या हिमाच्या थरांचा दाब खालच्या थरांवर पडतो, त्यांतील हवा निघून जाते आणि घट्ट बर्फ तयार होतो. हा बर्फ स्वतःच्याच भाराने उताराकडे सरकत राहतो. उन्हाळ्यात पृष्ठभागावर वितळलेले पाणी भेगांतून आणि विवरांतून आत शिरते व तळाशी बोगदे कोरत बाहेर पडते. हिवाळ्यात पाण्याचा ओघ आटला की हे बोगदे रिकामे होतात; त्यांनाच हिमगुहा म्हणतात. घट्ट बर्फ प्रकाशातील तांबडा अंश शोषून घेतो आणि निळा पुढे जाऊ देतो, म्हणून गुहेच्या भिंती आतून दिवा लावल्यासारख्या निळ्या भासतात. हे सौंदर्य अस्सल आहे, त्याविषयी वाद नाही. पण ही गुहा अजिंठ्याच्या लेण्यासारखी कातळात कोरलेली नाही. ती दरवर्षी नवी असते. मागील वर्षीची गुहा या वर्षी दबून गेलेली असते किंवा वाहून गेलेली असते. थंडीत तिचे छत काहीसे भरवशाचे असते. उन्हाळ्यात तेच छत वरून वितळते, खालून पाण्याने झिजते आणि कोणत्याही क्षणी खाली येऊ शकते. म्हणूनच अशा सहलींचा हंगाम परंपरेने नोव्हेंबर ते मार्च असा मानला जात आला. २५ ऑगस्ट ही तारीख या हंगामात बसत नाही.

मग ऑगस्टमध्ये गुहेत माणसे का नेली जात होती? उत्तर निसर्गात शोधून सापडणार नाही. ते अर्थकारणात आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका एकामागून एक कोसळल्या. सट्ट्याच्या भांडवलाने देश कर्जाच्या गर्तेत नेला आणि त्यातून वर येण्यासाठी जो हमरस्ता सापडला तो पर्यटनाचा. २०१० मध्ये या देशात पाच लाखांहून कमी परदेशी प्रवासी आले होते. २०१८ मध्ये हा आकडा २३ लाखांवर गेला. देशाची लोकसंख्या मात्र चार लाखांच्याही आत आहे. प्रवाशांचा हा लोंढा मुख्यतः उन्हाळ्यात येतो, आणि हिमगुहा तर हिवाळ्यातली! भांडवलाला हा विसंवाद परवडत नाही. गुंतवलेल्या मोटारी, नेमलेली माणसे, छापलेल्या जाहिराती बारा महिने राबल्या पाहिजेत, असा त्याचा नियम आहे. निसर्गाने जेथे विश्रांतीचा काळ ठेवला तेथे बाजाराने कामाची पाळी लावली. कापडगिरणीत रात्रपाळी ज्या तर्काने आली, त्याच तर्काने हिमनदीवर उन्हाळी पाळी आली.

आता मालकीचा प्रश्न. ब्रेदामेर्कुर्योकुल हा वात्नायोकुल या विशाल हिमाच्छादनाचा एक फाटा आहे. वात्नायोकुलचे क्षेत्रफळ सुमारे ७७०० चौरस किलोमीटर म्हणजे देशाच्या सुमारे ८ टक्के. २००८ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. या हिमनदीच्या पायथ्याशी असलेले योकुल्सार्लोन हे प्रसिद्ध सरोवर हिमनदी मागे हटल्यामुळे १९३० नंतरच्या काळात निर्माण झाले. सरोवराच्या पूर्व बाजूची फेल नावाची जमीन खाजगी मालकीची होती. ती विक्रीस निघाली तेव्हा एक खाजगी कंपनी ग्राहक म्हणून पुढे आली; परंतु आपला अग्रहक्क वापरून सरकारने २०१७ मध्ये ती स्वतः विकत घेतली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानात सामील केली. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह होते. जनतेच्या पैशाने जनतेची हिमनदी जनतेकडे आली.

पण येथेच अर्धवट सार्वजनिक मालकीची मर्यादा दिसते. जमीन सार्वजनिक झाली, व्यवहार मात्र खाजगी राहिला. उद्यान प्रशासनाने परवाने द्यायचे आणि कंपन्यांनी सहली न्यायच्या, अशी ही वाटणी. आज गुहा उघडी ठेवायची की बंद, हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय ज्याच्या हाती, त्याचेच उत्पन्न गुहा उघडी ठेवण्यावर अवलंबून! शेजारची कंपनी प्रवासी नेत असताना एखाद्या सावध कंपनीने ‘आज नको’ म्हटले, तर प्रवासी शेजारी जाणार. अशा रीतीने स्पर्धा सावधपणाला दंड करते आणि बेफिकिरीला बक्षीस देते. एखादा मालक वाईट आणि दुसरा चांगला, असा हा प्रश्न नाही. चांगल्या मालकालाही वाईट मालकाच्या पावलावर पाऊल टाकायला लावणे, हेच स्पर्धेचे कार्य असते. दुर्घटनेनंतर उद्यान प्रशासनाने गुहांच्या सहली थांबवल्या आणि पुढे अधिक कडक अटींवर त्या पुन्हा सुरू झाल्या. हा अधिकार प्रशासनापाशी आधीपासूनच होता, हे यावरून सिद्ध होते. तो वापरला जाण्यासाठी एका माणसाला मरावे लागले.

आणि बर्फ फोडायला कोण आले? आइसलँडमध्ये डोंगर, समुद्र आणि हिमनदीवरील बचावकार्याचा कणा म्हणजे तेथील स्वयंसेवकांची शोध व बचाव पथके. ही माणसे शिक्षक आहेत, कोळी आहेत, शेतकरी आहेत, कारागीर आहेत. हाक येताच ती हातातले काम टाकून निघतात आणि त्याबद्दल वेतन घेत नाहीत. या पथकांच्या निधीचा एक प्रमुख मार्ग कोणता? नववर्षाच्या पूर्वसंध्येला शोभेच्या दारूची विक्री! हिमनदीवरचा नफा कंपनीच्या खात्यात जमा होतो, आणि त्या नफ्यापोटी ओढवलेले संकट निवारण्यासाठी गावची माणसे फटाके विकून दोरखंड खरेदी करतात. नफा खाजगी आणि जोखीम सामाजिक, हे भांडवलशाहीचे जुने सूत्र इतक्या नितळपणे क्वचितच पाहावयास मिळते. या स्वयंसेवकांची बंधुभावना वंदनीय आहे. परंतु समाजाच्या चांगुलपणाचा उपयोग कोणाच्या तरी ताळेबंदातील खर्च वाचवण्यासाठी होत असेल, तर त्या चांगुलपणाचा तो अपमानच होय.

या सर्व व्यवहारात ज्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते तो वाटाड्या. प्रवासी एकदा गुहेत जातो. वाटाड्या दररोज जातो. छत कधी ठिबकू लागले, कालची भेग आज किती रुंदावली, पाण्याचा आवाज कोठून येतो, हे ज्ञान त्याच्यापाशी असते. मात्र निर्णयाचा अधिकार त्या प्रमाणात त्याच्यापाशी नसतो. आइसलँडच्या पर्यटन उद्योगात परदेशांतून हंगामापुरते आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. ज्याचा पुढील हंगाम मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने पैसे भरून आलेल्या तुकडीला दारातून परत फिरवावे, ही अपेक्षा कागदावर सोपी असते. नोकरीची शाश्वती नसेल तर सुरक्षिततेचे सर्वोत्तम ज्ञानही मुके होते. खाणीतील छताचा आवाज खाणकामगार सर्वांत आधी ओळखतो. खाणीचा इतिहास सांगतो की त्याचे ऐकले जावे यासाठी त्याला संघटना बांधावी लागली.

हिमनदीवरील कामगारांनीही हा धडा गिरवला आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार मरण पावले. गिर्यारोहकांसाठी दोर बांधणे, शिड्या टाकणे आणि ओझी वाहणे हे त्यांचे काम होते. नेपाळ सरकारने मृतांच्या कुटुंबांना तातडीची मदत म्हणून देऊ केले प्रत्येकी ४० हजार नेपाळी रुपये. एकेका परदेशी गिर्यारोहकाच्या परवान्यापोटी सरकार हजारो डॉलर घेत असताना ही रक्कम म्हणजे जखमेवर मीठ होते. शेर्पा कामगारांनी वाढीव भरपाई आणि विम्याच्या मागण्या मांडल्या, त्या मोसमात काम करण्यास नकार दिला आणि नेपाळच्या बाजूने होणाऱ्या चढाया त्या वर्षी जवळजवळ ठप्प झाल्या. जगातील सर्वोच्च शिखर मजुरांच्या नकारापुढे बंद पडले! निसर्गाशी एकाकी झुंज देणाऱ्या शूर पुरुषाची जी प्रतिमा वृत्तपत्रे रंगवतात, तिच्यामागे दोर बांधणारे हात असतात. ते थांबले की शौर्यही थांबते.

येथे पहिला आक्षेप असा येईल की, प्रवासी आपखुशीने येतो, धोका पत्करल्याच्या कागदावर सही करतो. मग इतरांनी त्यात का पडावे? हा करारस्वातंत्र्याचा जुनाच युक्तिवाद होय. दहा तास काम करणारा मजूरही ‘आपखुशीने’च करारावर अंगठा उठवीत असे. खऱ्या संमतीसाठी माहिती समान असावी लागते. हिमनदी पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसापुढे निळ्या गुहेचे मोहक छायाचित्र ठेवायचे आणि छताची स्थिती लहान अक्षरांत लपवायची, याला संमती म्हणत नाहीत. शिवाय वाटाड्याने आणि बचावास धावलेल्या स्वयंसेवकाने तर कोणत्याच कागदावर सही केलेली नसते.

दुसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. भाकरीचा प्रश्न सुटला नसताना हिमगुहांची चिंता कशाला? या प्रश्नाला युरोपातील कामगार चळवळीने शंभर वर्षांपूर्वीच कृतीने उत्तर दिले आहे. १८९५ मध्ये व्हिएन्ना येथे समाजवादी कामगारांनी ‘निसर्गमित्र’ ही संघटना स्थापन केली. पुढे ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर झालेले कार्ल रेनर तिच्या संस्थापकांपैकी एक. डोंगर हा सरदार-सावकारांचा राखीव प्रदेश नाही, तो सर्वांना मुक्त आहे, हा तिचा घोष होता. कामगारांनी रविवारी स्वतःच्या हातांनी डोंगरांत विश्रामगृहे बांधली. १९३३ मध्ये जर्मनीत नाझींनी या संघटनेवर बंदी घातली. डोंगरावर जाणारा कामगारही त्यांना धोकादायक वाटला. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार जमीनदारांच्या मनाईला न जुमानता किंडर स्काउटच्या पठारावर चढले आणि त्यांच्यापैकी पाच जणांना कारावास भोगावा लागला. फ्रान्समध्ये १९३६ च्या लोकआघाडी सरकारने प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि लिओ लाग्रांज यांच्या पुढाकाराने रेल्वेची सवलतीची तिकिटे मिळवून दिली. अनेक कामगारांनी समुद्र आणि बर्फ आयुष्यात प्रथमच पाहिले ते त्या वर्षी. भाकरी आणि सौंदर्य यांत निवड करावयास लावणे ही मालकांची नीती आहे. श्रमिकांनी नेहमी दोहोंवर हक्क सांगितला आहे. म्हणून हिमगुहा पाहणे हा गुन्हा नव्हे. तो हक्क आहे, आणि हक्क असल्यामुळेच तो तिकिटाच्या दरावर आणि विक्रेत्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी आणखी एक खोल विसंगती आहे. फ्रान्समध्ये शामोनीजवळच्या मेर द ग्लास या हिमनदीत दरवर्षी एक गुहा माणसांच्या हातांनी कोरली जाते. १९८८ मध्ये तेथील रज्जुमार्ग सुरू झाला तेव्हा खालच्या स्थानकापासून बर्फापर्यंत अवघ्या तीन पायऱ्या होत्या. हिमनदी खचत गेली तशा पायऱ्या वाढत पाचशेच्या वर गेल्या आणि अखेर २०२४ च्या प्रारंभी हिमनदीच्या वरच्या अंगाला नवा रज्जुमार्ग उभारावा लागला. स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन हिमनदीवरील कोरीव गुहा वाचवण्यासाठी अनेक उन्हाळे बर्फावर पांढऱ्या कापडाची पांघरुणे घातली गेली. त्या देशातील हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या अवघ्या दोन वर्षांत आपल्या एकूण घनफळाचा सुमारे १० टक्के भाग गमावला. आइसलँडमधील ओक ही हिमनदी २०१४ मध्ये मृत घोषित झाली आणि १८ ऑगस्ट २०१९ रोजी तिच्या जागी स्मृतिफलक बसवण्यात आला. जी उष्णता बर्फ गिळते आहे, तीच ‘लवकर या, थोडेच दिवस उरले आहेत’ या जाहिरातीचा मजकूरही पुरवते. कोळसा आणि तेल जाळून ज्या व्यवस्थेने हिमनदीला मरणपंथाला लावले, तीच आता तिच्या अंत्यदर्शनाची तिकिटे विकत आहे. कापडाच्या पांघरुणाने गुहेचे दार वाचेल, नदी वाचणार नाही.

हा विषय हिमालयापर्यंत येऊन भिडतो. गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, गोमुखाला, बर्फाच्या गुहेतूनच भागीरथी बाहेर पडते. महाराष्ट्रातून दरवर्षी यात्रेकरू आणि पदभ्रमण करणारे तरुण तेथे जातात. गोमुखाकडे जाणाऱ्यांची संख्या २००८ मध्ये दिवसाला १५० अशी मर्यादित करण्यात आली. सार्वजनिक सत्तेने मनात आणले तर ती बाजाराला ‘येथवरच’ असे सांगू शकते, याचे हे घरचे उदाहरण. परंतु त्याच हिमालयात ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळून आलेल्या लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसे मरण पावली वा बेपत्ता झाली. त्यांत बहुसंख्य होते ते जलविद्युत प्रकल्पांवरील कामगार. बोगद्यांत अडकलेले, परगावाहून आलेले. हिमनदीजवळ मरणारा माणूस बहुधा तेथे कामासाठीच आलेला असतो, हे खुंबू आणि चमोली या दोन्ही ठिकाणी दिसले.

तिसरा आक्षेप उपजीविकेचा. निर्बंध घातले तर स्थानिकांच्या पोटावर पाय येईल, असे सांगितले जाते. ज्यांच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो, त्यांना मात्र कोणी विचारत नाही. वाटाड्याला धोक्याचा दिवस नको असतो. त्याला हवे असते ते धोक्याच्या दिवशीही चालू राहणारे वेतन. म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. गुहा उघडण्याचा निर्णय तिकीट विकणाऱ्याच्या हातून काढून, हिमशास्त्र जाणणारे तज्ज्ञ आणि वाटाड्यांचे निवडलेले प्रतिनिधी यांच्या सार्वजनिक मंडळाकडे द्यावा. ‘आज नाही’ म्हणणाऱ्या वाटाड्याची नोकरी आणि त्या दिवसाचे वेतन कायद्याने सुरक्षित असावे. उन्हाळ्यातील गुहाप्रवेश बंद असावा. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद कंपनीबाहेर, सार्वजनिक दप्तरी असावी. बचावकार्याचा खर्च नफ्यावरील करातून भागवावा. आणि हिमालयात हमाल, खेचरवाला, वाटाड्या यांचा विमा हा दया म्हणून नव्हे, मजुरीचा भाग म्हणून मान्य व्हावा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या संरक्षणासाठी वाहिले आणि २१ मार्च हा हिमनदी दिन ठरवला. ठराव आणि दिवस यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण दिवस पाळल्याने बर्फ थांबत नाही आणि फलक लावल्याने छत टिकत नाही. उन्हाळ्यात हिमालयाच्या वाटेला लागणाऱ्या तरुणांना शाखेत, युवक मंडळात, अभ्यासवर्गात कार्यकर्त्यांनी एक साधा प्रश्न विचारण्यास शिकवावे: पुढे चालणाऱ्या या माणसाला मजुरी किती मिळते, आणि वाट धोक्याची असेल तर मागे फिरण्याचा अधिकार त्याला आहे काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आणण्यासाठी हिमालयात जे कोणी संघटित होतील, त्यांच्या पाठीशी येथील चळवळीने उभे राहणे हे तिचे कर्तव्य आहे.